‘फायरवॉल बंद करा, मित्र लगेच जॉइन होतील’ या फॉरवर्डला उत्तर

शाळकरी मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. घरच्या कॉम्प्युटरवर माइनक्राफ्ट या गेमचा सर्व्हर सुरू केला आणि बाहेरच्या मित्रांना जॉइन होता येत नसेल, तर काय करायचं याच्या त्यात पाच पायऱ्या आहेत. विंडोजची फायरवॉल पूर्ण बंद करा. राऊटरमध्ये आपला कॉम्प्युटर डीएमझेडमध्ये टाका. डीएनएस ८.८.८.८ करा. सर्व्हरच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये ऑनलाइन-मोड ‘फॉल्स’ करा. तरी नाही जमलं तर इंटरनेट कंपनीकडून स्टॅटिक आयपी (कधी न बदलणारा इंटरनेट पत्ता) घ्या. आणि शेवटी खात्री दिलीय: ‘१०० टक्के चालतं, गेमचा सर्व्हर कोणी हॅक करत नाही.’

माझ्या भाच्याने पहिल्या चार पायऱ्या करून टाकल्या. ज्या कॉम्प्युटरवर केल्या, त्यावर भाऊजी लोकांचे जीएसटी रिटर्न भरतात. मित्र काही जॉइन झाले नाहीत. मग ताईचा फोन आला, स्टॅटिक आयपीचे पैसे भरायचे का म्हणून. तिला म्हटलं, आत्ता एक रुपयाही भरू नकोस, आधी केलेलं सगळं पूर्ववत करू.

पहिल्या दोन पायऱ्यांपासून सुरुवात करतो, कारण खरं नुकसान तिथे आहे. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीला बाहेरून एकच दार लागतं: टीसीपी पोर्ट २५५६५. राऊटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग तेवढंच दार उघडतं. डीएमझेड मात्र बाहेरून येणारं जे काही दुसरीकडे पाठवायला सांगितलेलं नाही, ते सगळं त्या एका कॉम्प्युटरवर आणून सोडतं. फाइल शेअरिंगचं ४४५ त्यात आलं, रिमोट डेस्कटॉप चालू असेल तर ३३८९ आलं. मध्ये अडवायला उरते फक्त विंडोजची फायरवॉल, आणि ती या मजकुराने आधीच बंद करायला लावलेली असते. मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं वॉनाक्राय जगभर पसरलं ते याच ४४५ मधून. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती, तरी अपडेट न केलेली मशीन्स बळी पडली. आपल्याकडे किती घरांत विंडोज वेळेवर अपडेट होतं?

भाच्याचं म्हणणं होतं की मित्र जॉइनच झाले नाहीत, म्हणजे बाहेरून कोणालाच आत येता येत नाही, मग धोका कसला? यातली गोम समजून घ्या. आयपीव्ही४ ची, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या जुन्या पद्धतीची, वाट त्याच्या घरी वरच, कंपनीकडेच अडलेली होती (त्याचं कारण पुढे देतो), म्हणून डीएमझेड तूर्त निरुपयोगी पडून होतं. पाचव्या पायरीप्रमाणे स्टॅटिक आयपी घेतला असता, तर पहिल्या मिनिटापासून भाऊजींचा अख्खा कॉम्प्युटर उघड्यावर आला असता. म्हणजे पाचवी पायरी ज्यांच्याकडे लागू पडते, त्यांच्याकडेच पहिल्या दोन पायऱ्या घातक ठरतात. शिवाय भारतात आता बऱ्याच जोडण्यांना आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) मिळतं, आणि तिथे प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतःचा सार्वजनिक पत्ता असतो. राऊटरची आयपीव्ही६ फायरवॉल कोणी ‘तीही बंद करून बघू’ म्हणून बंद केली, तर उघड्यावर यायला डीएमझेडचीही गरज उरत नाही. आणि लॅपटॉप असेल तर तो तसाच उघडा कॉलेजच्या किंवा कॅफेच्या वायफायवर जातो.

‘गेमचा सर्व्हर कोणी हॅक करत नाही’ हे तर धादांत खोटं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरशेल नावाचं भगदाड सापडलं, आणि त्याचा फटका आधी जिथे दिसला त्यांत माइनक्राफ्टचे सर्व्हर होते. चॅटमध्ये एक विशिष्ट ओळ टाइप केली की सर्व्हरच्या मशीनवर हवा तो प्रोग्राम चालवता येत होता. १.१८.१ या आवृत्तीत ते बुजवलं गेलं. आजही मुलं जुन्या मॉडसाठी (गेममध्ये भर घालणाऱ्या फाइलींसाठी) त्याआधीच्या आवृत्त्या चालवतात, आणि त्यावरची दुरुस्ती केलेली नसते.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. विंडोजची फायरवॉल अनेकदा खरोखर आड येते. सर्व्हर पहिल्यांदा सुरू करताना विंडोज परवानगी विचारतं, मुलं घाईत ‘कॅन्सल’ दाबतात, आणि विंडोज जावासाठी अडवणारे नियम करून ठेवतं. नंतर पोर्ट उघडायचा नियम घातला तरी अडवणारा नियम वरचढ ठरतो, म्हणून काही उपयोग होत नाही. फायरवॉल बंद केली की चालतं, आणि कोणाला तरी वाटतं की उपाय सापडला. उपाय एवढाच: इनबाउंड रूल्समध्ये जाऊन जावाचे ते लाल नियम काढायचे आणि टीसीपी २५५६५ पुरता एक नियम घालायचा. फायरवॉल चालूच राहते.

आता भाच्याच्या घरचं खरं कारण. ते या मजकुरात कुठेच नाही, आणि माझा राग त्यावरच जास्त आहे. आयपीव्ही४ चे पत्ते संपत आले म्हणून कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. सोसायटीच्या फाटकावर पार्सल आलं, पण त्यावर फ्लॅट नंबरच नाही, तर वॉचमन ते कोणाकडे पाठवणार? तुमच्या घरच्या राऊटरमध्ये कितीही फॉरवर्डिंग करा, कंपनीच्या या वरच्या यंत्रणेला त्याचा पत्ताच नसतो. हे काही गुपित नाही. एप्रिल २०१२ च्या आरएफसी ६५९८ मध्ये यासाठी पत्त्यांचा वेगळा पट्टाच राखून ठेवला आहे: १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५. राऊटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राऊटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता, बघा. तो या पट्ट्यातला असेल तर निदान झालं, पुढच्या पायऱ्यांची गरजच नाही. काही कंपन्या १० ने सुरू होणारा पत्ताही देतात. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा तुमच्याच घरात एकामागे एक दोन राऊटर आहेत, कंपनीचा डबा आणि तुम्ही विकत आणलेला. तेव्हा दोन्हीकडे फॉरवर्डिंग करा किंवा एक ब्रिज मोडमध्ये टाका, म्हणजे तो राऊटरचं काम न करता जोडणी नुसती पुढे देतो. (मित्रांचे कॉम्प्युटर एका खासगी जाळ्यात जोडणारं टेलस्केलही याच १०० च्या पट्ट्यातले पत्ते देतं, म्हणून कॉम्प्युटरवर नाही, राऊटरवरच बघायचं.)

ही दोन मिनिटांची तपासणी आधी सांगितली असती तर कित्येक घरांतला खटाटोप वाचला असता.

स्टॅटिक आयपीबद्दलही अर्धंच खरं सांगितलंय. सीजीनॅटमधून सुटायला सार्वजनिक आयपी लागतो, तो स्थिर असलाच पाहिजे असं नाही. बदलता असेल तर डायनॅमिक डीएनएस (बदलत्या पत्त्याला एक कायमचं नाव देणारी सेवा) पुरतं. कंपनीला नेमकं हेच विचारा. नाहीच मिळालं तर प्लेइटसारखा टनेल वापरा, तो आतून बाहेर जोडणी करतो म्हणून फॉरवर्डिंग लागतच नाही. चार ओळखीचेच मित्र असतील तर सगळ्यांनी टेलस्केल टाकणं त्याहून बरं.

डीएनएसचा मुद्दा दोन ओळींत संपतो. तुमच्या कॉम्प्युटरचं डीएनएस तुम्ही बाहेर जाताना नावाचा पत्ता शोधतं. बाहेरून आत येणाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही.

ऑनलाइन-मोड फॉल्स केल्याने टाइम्ड आउट झालेली जोडणी जुळत नाही. होतं एवढंच की सर्व्हर खेळाडूची ओळख माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांगकडून पडताळणं बंद करतो. मग कोणीही ॲडमिनचं नाव टाकून आत येऊ शकतो आणि ॲडमिनचे अधिकार वापरू शकतो. ते ‘ट्रू’ ठेवा आणि व्हाइटलिस्ट (परवानगी दिलेल्या खेळाडूंची यादी) चालू करा.

जॉइन होताना गेम जो एररचा संदेश दाखवतो, तो नीट वाचला तरी बरंच कळतं. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर बहुधा मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर सर्व्हर ऐकत नाहीये. ‘टाइम्ड आउट’ आलं तर वाटेत कुठेतरी पॅकेट गिळलं जातंय: फायरवॉल, राऊटर किंवा सीजीनॅट. पोर्ट तपासणाऱ्या साइट सर्व्हर चालू असतानाच वापरा, एरवी पोर्ट बंदच दाखवणार. माइनक्राफ्टची दुसरी आवृत्ती, बेडरॉक, टीसीपीऐवजी यूडीपी १९१३२ वापरते आणि या साइट बहुतेक करून टीसीपीच तपासतात, तेव्हा त्यांचं उत्तर तिथे धरू नका. स्वतःच्याच वायफायवरून सार्वजनिक पत्ता टाकून तपासू नका, अनेक राऊटर ती फेरी जमू देत नाहीत. मित्राला तपासायला सांगा, नाहीतर मोबाइल डेटा वापरा.

ज्यांनी हा मजकूर वाचून पायऱ्या केल्या आहेत, त्यांनी आजच विंडोज फायरवॉल तिन्ही प्रोफाइलवर चालू करावी, राऊटरमधलं डीएमझेड बंद करून राऊटर रीस्टार्ट करावा, ऑनलाइन-मोड ‘ट्रू’ करावा, आणि आपण नसताना ॲडमिनच्या यादीत नवीन नाव शिरलंय का ते बघावं. सार्वजनिक आयपी घेऊन डीएमझेड काही दिवस उघडं ठेवलं असेल, तर पूर्ण व्हायरस स्कॅन करा, आणि त्या मशीनवर वापरलेले बँकेचे व जीएसटीचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला.