काका भिंतीत गेले

मोठ्या काकांच्या पंचाहत्तरीला काय द्यावे, यावर आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या घरी होळीपासून खल चालू होता. शाल-श्रीफळ काकांनी जन्मभर इतरांना दिलेले असल्यामुळे त्यातली गोम त्यांना ठाऊक होती, आणि चांदीचे ताट पाहायला गेलेली मंडळी इतवारीतून भाव ऐकून परतली होती. अशा नाजूक वेळी मी, एलिमेंटरीच्या परीक्षेनंतर ज्याने ब्रश धरला नाही असा माणूस, बोलून गेलो की आपल्या कुटुंबाच्या फोटोचे भौमितिक आकारांतले अमूर्त चित्र करून देऊ. भाच्याने माझ्या संगणकात त्यासाठीचा एक फुकटचा प्रोग्राम टाकून दिला होता, एवढेच माझे भांडवल.

हा प्रोग्राम आधी सगळ्या फोटोच्या रंगांची सरासरी काढून कॅनव्हास त्या एकाच रंगाने भरतो. आमच्या तीस माणसांची सरासरी पाणी जास्त झालेल्या चहासारखी निघाली. मग तो एक त्रिकोण कुठेही फेकतो, त्याला रंग देतो आणि मूळ फोटोशी असलेला फरक कमी झाला का ते मोजतो. कमी झाला तर त्रिकोणाचे कोपरे थोडे इकडे-तिकडे सरकवून पुन्हा मोजतो, आणि आणखी सुधारणा होईनाशी झाली की तो त्रिकोण कायमचा बसवून पुढचा हाती घेतो. आमच्या बैठकीत सोफा ठेवण्याची पद्धत नेमकी हीच आहे, फक्त तिथे मोजणारी बायको असते आणि सरकवणारा मी.

२००८ साली रॉजर अल्सिंग नावाच्या प्रोग्रामरने अवघ्या ५० अर्धपारदर्शक बहुकोनांतून मोनालिसा उभी केली होती, म्हणून तीस माणसांना २०० त्रिकोण भरपूर झाले, असा हिशोब मी मांडला. मोनालिसा एकटी होती, तिने जरीकाठाची साडी नेसलेली नव्हती आणि तिच्यासाठी संगणकाने नऊ लाखांवर पिढ्या, म्हणजे बदल करून पाहण्याच्या फेऱ्या, खर्ची घातल्या होत्या, हे मी विचारात घ्यायला हवे होते. आमच्या फोटोत पिढ्या चारच होत्या.

मे महिना, पारा ४५ वर, आणि घरातला एकमेव कूलर मी संगणकाकडे वळवलेला. दीड तास घरातले कुणी माझ्याशी बोलले नाही. चित्र पूर्ण झाले तेव्हा आत्या ठसठशीत उठून दिसत होत्या, जावईबापूंचा शर्ट ओळखू येत होता, कोपऱ्यातली लाल प्लास्टिकची खुर्ची तर हुबेहूब उतरली होती, आणि काका नव्हते. चूक मोजताना हा प्रोग्राम रंगांतल्या फरकाचा वर्ग करतो, म्हणजे मोठा फरक त्याला कैकपट मोठा वाटतो, त्यामुळे जिथे रंगांचा विरोध मोठा आणि जागा ऐसपैस, तिथे तो त्रिकोण उधळतो. काकांचा सदरा पांढरा, धोतर पांढरे, केस पांढरे आणि मागची भिंत दिवाळीत चुना मारलेली. उत्सवमूर्तींच्या वाट्याला दोन त्रिकोण आले होते; ज्या खुर्चीवर कुणी बसलेलेसुद्धा नव्हते, तिला अकरा.

चित्र लपवून ठेवायच्या आत आत्यांनी आपले त्रिकोण मोजले. ते एकोणतीस भरल्याचे त्यांनी काकूंना ऐकू जाईल अशा बेताने जाहीर केले. काका चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "काहून रे, मी कुठी आहो याच्यात?"

शेजारचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर माझ्या मदतीला धावले. सय्यद हैदर रझा नागपूरच्याच चित्रकला शाळेत शिकले, पुढे पॅरिसला जाऊनही वर्तुळ, त्रिकोण आणि काळा बिंदू यांतच त्यांना विश्व सापडले, असे त्यांनी काकांना फार तळमळीने समजावले. काकांनी ते शांतपणे ऐकून घेतले. "मास्तर, मले विश्व नाही पाहिजे," ते म्हणाले, "मले माह्या मिशा पाहिजे."

मिशांसाठी मी त्रिकोण २००० केले. मिशा आल्या, पण अमूर्तता गेली, फ्रेमवाल्याने ते पाहून विचारले, "फोटो हलला काय भाऊ?" कमी आकारांत माणूस सापडत नाही आणि जास्त आकारांत चित्र सापडत नाही, या पेचातून मला भाच्यानेच सोडवले. त्याच्या सांगण्यावरून काकांना जांभळा कुर्ता घालून, मागे हिरवी चादर धरून, एकट्यांचा नवा फोटो काढला. चादर धरायला मी आणि जावईबापू भर दुपारी गच्चीवर उभे होतो. या वेळी १२० त्रिकोण पुरले आणि त्यातला एक, लांबट आणि पांढरा, नाकाखाली असा चपखल बसला की काकांनी आधी त्याला आणि मग स्वतःच्या मिशीला हात लावून पाहिला.

समारंभाच्या दिवशी काका तोच जांभळा कुर्ता घालून आले. ग्रुप फोटोची वेळ झाली तेव्हा त्यांच्यासाठी मांडलेला सजवलेला पांढरा सोफा त्यांनी आत्यांना दिला, कोपऱ्यातली लाल खुर्ची स्वतः ओढत मध्यभागी आणली आणि तिच्यावर ऐसपैस बसले.