डॉक्टरांचं नाव काय?

परवा रात्री दादानं एक लिंक पाठवली. परदेशातलं डेंटल क्लिनिक. दोन इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायची दाताची कृत्रिम मुळं), सहा कॅप (घासलेल्या दातावर किंवा इम्प्लांटवर चढवायच्या टोप्या), विमानतळावर घ्यायला गाडी, हॉटेल पॅकेजमध्येच. खाली एवढंच लिहिलेलं, "बघ गं जरा, बरं वाटतंय का."

मी लिंक उघडलीच नाही. आधी विचारलं, "डॉक्टरांचं नाव काय?"

"अगं, चौदा डॉक्टर आहेत तिथे."

"त्यातला तुझ्या तोंडात हात घालणारा कोण?"

बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं आणि शेवटी नुसता एक अंगठा आला. म्हणून ही पोस्ट. दादासाठीच आहे खरी, पण गेल्या वर्षभरात आणखी तिघांनी मला हेच विचारलंय, तेव्हा एकदाच काय ते लिहून टाकते.

पाच वर्षांपूर्वी मी स्वतः अशीच परदेशात जाऊन खालच्या दाढेचं इम्प्लांट बसवून आले. क्लिनिकचं नाव विचारू नका, सांगणार नाही. वेबसाइटवर पिकल्या केसांचे, हसऱ्या चेहऱ्याचे एक डॉक्टर होते, त्यांच्याकडे बघूनच मी ठरवलं. प्रत्यक्ष खुर्चीत बसले तेव्हा समोर आला एक तरुण मुलगा, तोंडावर मास्क. त्यानं नाव सांगितलं, पण भुलीच्या इंजेक्शनच्या धास्तीत ते माझ्या कानावरून गेलं. चार महिन्यांनी कॅप बसवायला गेले तर तिसराच माणूस. हसरे डॉक्टर मला शेवटपर्यंत भेटले नाहीत. पण काही दुखलं नाही, दाढ छान दिसत होती, सगळे गोड बोलत होते. हॉटेलवर परतल्यावर मी त्याच रात्री पाच तारे देऊन रिव्ह्यू लिहिला. तो अजून तिथेच आहे. लोक तो वाचत असतील आणि माझ्या भरवशावर तिकिटं काढत असतील, याची मला अधूनमधून लाज वाटते.

दीड वर्षानं कॅप हलायला लागली. घराजवळच्या डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "काही नाही, आतला स्क्रू सैल झालाय. दहा मिनिटांचं काम." मग विचारलं, "कंपनी कोणती?"

"कसली कंपनी?"

त्यांनी खण उघडला आणि बारक्या बारक्या स्क्रू-ड्रायव्हरांचा एक डबा माझ्यासमोर धरला. घड्याळजीकडे असतात तसे, त्याहून नाजूक. जगात इम्प्लांट बनवणाऱ्या शेकडो कंपन्या आहेत. बहुतेकींच्या जोडणीची घडण वेगळी, स्क्रूच्या डोक्याची खाच वेगळी. भलता ड्रायव्हर घातला तर खाच झिजते, आणि मग तो स्क्रू कुणालाच दाद देत नाही. "बॉक्सवरचा स्टिकर, कार्ड, काहीतरी दिलं असेल ना?" माझ्याकडे होती फक्त पैसे भरल्याची पावती. त्यावर लिहिलेलं: इम्प्लांट, एक नग.

क्लिनिकला मेल केले. ज्या कोऑर्डिनेटर मुलीचा फोन पूर्वी मध्यरात्रीही लागायचा, तिचा नंबर आता बंद. दुसऱ्या मेलला उत्तर आलं की ते डॉक्टर आता आमच्याकडे नाहीत, कृपया त्यांच्याशी संपर्क साधावा. कुणाशी? मला नावच माहीत नव्हतं. एक्स-रेमधल्या आकारावरून अंदाज बांधत, दोनदा ड्रायव्हर मागवत, शेवटी कॅप कापून काढावी लागली. दहा मिनिटांचं काम सहा आठवडे चाललं.

आता यातली गंमत अशी की मी चौकशी केली नव्हती असं नाही. पुष्कळ केली होती. फक्त भलत्याच गोष्टीची केली होती. मी क्लिनिक तपासलं, भिंतीवरची प्रमाणपत्रं तपासली, तारे मोजले. दातांचं काम करायचा परवाना मिळतो तो माणसाला, नावानिशी. आणि तो माणूस कोण, हे मी विचारलंच नाही.

त्या भिंतीबद्दल थोडं सांगते, कारण दादाच्या लिंकमध्येही तीच रांग लागलेली निघाली. आयएसओ ९००१ म्हणजे कामकाजाच्या पद्धतीचं मानक. कागदपत्रं नीट ठेवता का, तक्रार आली तर तिची नोंद होते का, असल्या गोष्टींचं. कारखान्याला मिळतं, कुरिअर कंपनीलाही मिळतं. तुमची दाढ कोण कशी कोरतो याच्याशी त्याचा संबंध नाही. शिवाय आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही. ती मानकं लिहिते, प्रमाणपत्रं दुसऱ्या संस्था देतात. तिचा लोगो वापरायची परवानगीही ती अशा कामासाठी देत नाही. म्हणजे क्लिनिकच्या साइटवर आयएसओचा मूळ लोगो झळकत असेल तर पहिली चूक तिथेच सापडली.

'एफडीए अप्रूव्हड क्लिनिक' हा त्याहून भारी प्रकार. अमेरिकेची एफडीए औषधं आणि उपकरणं बघते, परदेशातल्या क्लिनिकांना मान्यता देत फिरत नाही. सीई हे युरोपातल्या नियमांत बसल्याचं चिन्हसुद्धा वस्तूवर असतं, डॉक्टरवर नसतं. जेसीआयचं (जॉइंट कमिशन इंटरनॅशनल, आरोग्यसेवेचा दर्जा तपासणारी संस्था) तसं नाही, ती मान्यता खरोखर वजनाची आहे. पण ती मुख्यतः रुग्णालयांची असते, आणि कुणाकुणाला दिली त्याची यादी जेसीआयच्या स्वतःच्या साइटवर आहे. तिथे नाव नसेल तर भिंतीवरची फ्रेम कितीही सोनेरी असो. आणि 'वर्षातलं सर्वोत्तम क्लिनिक' वगैरे पुरस्कारांकडे मी आता बघतच नाही.

मग बघायचं काय? रजिस्टर. बहुतेक देशांत डेंटिस्टांची अधिकृत यादी असते आणि बऱ्याच ठिकाणी ती कुणालाही घरबसल्या उघडता येते. ब्रिटनमध्ये जनरल डेंटल कौन्सिलच्या साइटवर नाव टाकलं की नोंदणी क्रमांक, पदवी, नोंदणी कधी झाली हे दिसतं. कामावर अटी घातल्या असतील किंवा निलंबन झालं असेल तर तेही. इंग्लंडमध्ये जागेची तपासणी वेगळी, ती केअर क्वालिटी कमिशन करतं आणि त्यांचे अहवाल सर्वांना खुले असतात. मेक्सिकोत डेंटिस्टला 'सेदुला प्रोफेसिओनाल', म्हणजे व्यवसायाचा परवाना, लागते, तिची नोंद शिक्षण मंत्रालयाच्या साइटवर नावावरून फुकट शोधता येते. हंगेरीत डॉक्टरच्या शिक्क्यावरच त्याचा क्रमांक असतो. तुर्कस्तानात आणखी एक पायरी आहे: परदेशी पेशंट घेणारं क्लिनिक असो की मधला एजंट, दोघांनाही आरोग्य मंत्रालयाचं आरोग्य-पर्यटनाचं अधिकारपत्र लागतं. हा नियम २०१७ सालचा. एजंटलाही लागतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

यात दोन खाचाखोचा आहेत. क्लिनिकनं पाठवलेल्या लिंकवरून रजिस्टरवर जाऊ नका. कौन्सिलची साइट स्वतः शोधा. हुबेहूब दिसणारं पान बनवणं आज पोरखेळ आहे. दुसरं, नावापेक्षा क्रमांक मागा. स्पॅनिश नावात दोन आडनावं असतात, क्लिनिकच्या साइटवर एकच टाकतात, आणि मग शोधलं की एकाच नावाचे ढीगभर डॉक्टर निघतात. क्रमांक हातात असला की घोळ मिटतो. एका मैत्रिणीसाठी मी असं शोधलं तेव्हा वीस वर्षांच्या अनुभवाचे म्हणवणारे डॉक्टर नऊ वर्षांपूर्वी पहिल्यांदा नोंदले गेलेले निघाले. उरलेली अकरा वर्षं बहुधा कॉलेज आणि शाळेतली.

'इम्प्लांटॉलॉजिस्ट' या शब्दानंही दबून जाऊ नका. ब्रिटनमध्ये दंतवैद्यकाच्या १३ स्पेशालिटी मानतात, अमेरिकेत १२. इम्प्लांटॉलॉजी दोन्हीकडे त्यात नाही. म्हणून कुणी फसवतंय असं नव्हे. इम्प्लांट तोंडाचे सर्जन बसवतात, हिरड्यांचे तज्ज्ञ बसवतात, जास्तीचं शिक्षण घेतलेले साधे डेंटिस्टही बसवतात, आणि उत्तम बसवतात. पण ते जास्तीचं शिक्षण म्हणजे तीन वर्षांचा अभ्यासक्रम की शनिवार-रविवारची कार्यशाळा, एवढं विचारायला कुणाची चोरी?

खरी परीक्षा मात्र व्हॉट्सॲपवर होते. मैत्रिणीच्या वेळचा संवाद माझ्याकडे अजून आहे. आम्ही विचारलं, सर्जरी कोण करणार? उत्तर आलं, आमची टीम खूप अनुभवी आहे. ठीक, पण नाव? हृदयाचं चिन्ह, आणि हसणाऱ्या पेशंटांचे सहा फोटो. फोटो छान आहेत, डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक द्याल का? "डिअर, तुम्ही पोचलात की डॉक्टर ठरतील. ऑफर शुक्रवारी संपतेय." आम्ही ते क्लिनिक तिथेच सोडलं.

दुसऱ्या एका क्लिनिकनं नाव, क्रमांक, पदवीचं साल पहिल्याच मेलमध्ये दिलं. त्याहून मला बरं वाटलं ते पुढचं. त्यांनी उलट आम्हालाच प्रश्न विचारले: मधुमेह आहे का, सिगारेट ओढता का, हाडांच्या ठिसूळपणावर गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू आहेत का (त्यातल्या काही औषधांनी जबड्याचं हाड नीट भरून येत नाही), ताजा एक्स-रे पाठवा. एक्स-रे बघून त्यांनी ठरवलेल्या तीन इम्प्लांटमधलं एक रद्दही केलं. जो धंदा कमी करून सांगतो, त्याच्यावर माझा जरा जास्त विश्वास बसतो.

पाच दिवसांत नवे दात, या जाहिरातीबद्दलही बोलायला हवं. इम्प्लांट ज्या धातूचं बनवतात ते टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी दाखवलं आणि १९६५ मध्ये पहिल्या पेशंटला त्यावर दात बसवले. ते दात त्या गृहस्थांना चाळीस वर्षं, म्हणजे मरेपर्यंत पुरले. पण हाड धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, ते आजही. लगेच दात बसवता येतात, नाही असं नाही, पण ते बहुतेक वेळा तात्पुरते असतात आणि कायमच्यासाठी दुसरी खेप पडतेच. त्या खेपेला डॉक्टर तोच असेल का, हे पहिल्या खेपेआधी विचारायचं.

आणि दादा, तुझ्या सहा कॅप. त्या कशासाठी? तुझे पुढचे दात शाबूत आहेत. व्हेनियर म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचा पातळ पापुद्रा, त्यासाठी दात समोरून अर्धा मिलिमीटरच्या आसपास घासतात. कॅपसाठी चहूबाजूंनी एक-दोन मिलिमीटर. जाहिरातीत नाव व्हेनियरचं आणि प्रत्यक्षात कॅप, असं सर्रास चालतं. घासलेलं इनॅमल परत येत नाही. कुठला दात किती घासणार हे लेखी घे, आणि घराजवळच्या डॉक्टरला तो कागद दाखव.

गॅरंटीचं एका वाक्यात: आजीवन म्हणजे कुणाचं आजीवन, तुझं की क्लिनिकचं, आणि दुरुस्तीला जायचं तिकीट कोण काढणार, एवढं वाच.

काही जण आता लिहितील, परदेशात जाऊच नका. मला ते पटत नाही. बाहेर फार चांगले हात आहेत, आणि स्वतःच्या देशात खर्च झेपत नाही किंवा नंबर लागत नाही म्हणून लोक जातात, हौस म्हणून नव्हे. शेजारच्या गल्लीतल्या डॉक्टरचा तरी नोंदणी क्रमांक आपण कधी बघितलाय? फरक एवढाच, की गल्लीत काही बिनसलं तर दुपारी जाऊन भांडता येतं.

निघताना स्टिकर मागायचा. इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी, लॉट नंबर लिहिलेला चिकटपट्टीचा कागद असतो, तो सोलून पेशंटच्या पुस्तिकेत लावतात. युरोपीय संघात तर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनी इम्प्लांटचं कार्ड पेशंटला देणं बंधनकारक आहे. सोबत आधीचे-नंतरचे एक्स-रे आणि डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचा कागद. मैत्रिणीनं तिचा स्टिकर पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवलाय आणि फोटो काढून मलाही पाठवलाय, मी विसरणार नाही म्हणून.

आज दुपारी दादाचा मेसेज आला. "नाव दिलं त्यांनी. क्रमांक मागितला तर म्हणतात उद्या कळवतो." मी विचारलं, तिकीट काढलंस का? म्हणाला, "उद्या बघू."