गेटसमोर ‘जैसे थे’

2019 च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि गावभागातल्या आमच्या घरात कृष्णामाई जिन्याच्या पायऱ्या मोजत वर आली. तेव्हाच ठरवलं, आता विजयनगरला राहायचं. रस्ते रुंद, पुराची धास्ती नाही, शिवाय राजवाडा चौकातलं कोर्टही तिकडंच गेलेलं. एजंट म्हणाला, “कोर्टाशेजारी फ्लॅट म्हणजे सोनं, साहेब.” सोनंच निघालं. आत ठेवायचं, बाहेर काढायची सोय नाही.

साडेदहापासून गाड्या चढायला लागतात. आमच्याकडं माप अजून पुलावरचंच. बायको गॅलरीतून वाकून सांगते, “चाळीस फूट, इशारा पातळी!” म्हणजे गाड्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत आल्या. “पंचेचाळीस, धोका!” म्हणजे आमच्या गेटला टेकल्या. मग ज्याला बाहेर पडायचंय त्यानं पडावं, नाहीतर पाचपर्यंत घरात बसून पाणी उतरायची वाट बघावी.

गेटवर पाटी आहे. ‘गेटसमोर गाडी लावू नये.’ तिच्या सावलीत गाडी लावतात. कुणाला हटकलं की उत्तर ठरलेलं. “लगेच आलो की काका, नुसती तारीख घ्यायचीय.” तारीख मिळायला वेळ लागत नाही हे खरंच, पण पुकारा व्हायला अख्खी सकाळ जाते, ते कोण सांगणार?

परवा सासूबाईंना डोळ्यांसाठी मिरजेला न्यायचं होतं आणि गेटला एक बोलेरो आडवी. पुढं लिंबू-मिरची, मागं ‘आईचा आशीर्वाद’. आशीर्वाद देणारी आई कुठं भेटते का बघायला मी कोर्टाच्या आवारात शिरलो. टायपिस्ट, स्टॅम्पवाले, नोटरी, सगळ्यांना विचारत शेवटी चहाच्या टपरीवर माणसं सापडली. माणसं म्हणजे काय, वरातच. वाटपाचा दावा. वादी, प्रतिवादी, दोन्हीकडच्या आत्या, साक्षीदार म्हणून आणलेले पावणे. डिझेल परवडत नाही म्हणून सगळे एकाच गाडीतून आलेले.

“गाडी कुणाची?” मी विचारलं.

आणि टपरीवर शांतता पसरली.

“तेच तर साहेब ठरवणारायत,” वादी म्हणाला.

गाडी थोरल्याच्या नावावर, चावी धाकट्याकडं, हप्ते आईच्या नावावरचा ऊस विकून फेडलेले. बोलेरो दाव्यातच होती! मी हात जोडून म्हटलं, दोन फूट मागं तरी घ्या. धाकटा चावी काढायला लागला तेवढ्यात थोरल्याचे वकील कपातला चहा न सांडता म्हणाले, “थांबा. जैसे थे आदेश आहे.”

आदेश गाडी विकण्याबद्दल होता, हलवण्याबद्दल नव्हता, हे दुसऱ्या वकिलांनी सांगितलं. त्यावर दोघांचा जो युक्तिवाद रंगला तो फुकट ऐकायला मिळाला एवढंच. सासूबाई रिक्षानं गेल्या.

माझं म्हणणं एवढंच, की कोर्ट बांधताना दालनं मोजतात, न्यायाधीश मोजतात, वकीलही मोजत असतील. भाऊबंदकी कोण मोजतो? राज्याच्या 2020 च्या बांधकाम नियमावलीत एका मोटारीला अडीच बाय पाच मीटर जागा धरलीय. पण दीड गुंठ्याच्या बांधासाठी किती मोटारी येतात, त्याचं कोष्टक कुठं आहे? जमीन जितकी कमी, तितके पावणे जास्त, हा आमच्या जिल्ह्याचा हिशोब कुठल्याच आर्किटेक्टला शिकवत नाहीत.

2025 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हा आमच्या मजल्यावरच्या आण्णांनी पेढे वाटले. त्यांना वाटलं, गर्दी तिकडं वळेल. अहो, तिथं जायचं ते इथं हरल्यावर! बेंच बसलंय सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टात, भर गावात. तिथल्या गेटवाल्यांचं काय होत असेल, या विचारानं मला मात्र जरा बरं वाटलं.

आता एक बिल्डर आलाय. अपार्टमेंट पाडू, खाली वकिलांची ऑफिसं, वर तुम्ही, आणि पार्किंग तळघरात. तळघर म्हणताच गावभागातून आलेले आम्ही सगळे एकदम उठून उभे राहिलो. मारुती रोडवरच्या तळघरांत पाणी कसं शिरतं ते बघितलेल्या माणसाला जमिनीखाली गाडी ठेव म्हणायचं? बिल्डर म्हणाला, इथं पूर येत नाही. आण्णा म्हणाले, “गावभागातबी आमचे वडील असंच म्हणायचे.”

शेवटी तळघर रद्द करून स्टिल्टवर, म्हणजे खांबांमधल्या मोकळ्या जागेतल्या पार्किंगवर, तडजोड झाली, सह्या झाल्या. एकट्या आण्णांनी केली नाही. त्यांना खालची वकिलांची ऑफिसं नकोत, म्हणून त्यांनी वकील लावून स्टे आणलाय. आता दर तारखेला ते डबा घेऊन, चपला घालून, रमतगमत पायी कोर्टात जातात. अख्ख्या जिल्ह्यात गाडी कुठं लावू हा प्रश्न नसलेला पक्षकार हा एवढाच. त्यामुळं दावा लवकर मिटवायची त्यांना काडीची घाई नाही.