रोटरी इंजिन उघडलं की खिसा रिकामा

"हलणारे भाग कमी, म्हणजे दुरुस्ती सोपी" असं कुणी रोटरी इंजिनाबद्दल, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणाऱ्या इंजिनाबद्दल, म्हणालं की डोकंच फिरतं. भाग कमी आहेत, मान्य. पण बोटभर लांबीची एक अपेक्स सील (रोटरच्या टोकावरची पट्टी) तुटली की तिचा तुकडा रोटर आणि हाउसिंग (रोटरभोवतीचं कवच) दोन्ही ओरबाडत जातो. पिस्टनच्या इंजिनात सिलिंडर बोअर करून मोठा पिस्टन बसवता येतो. इथे हाउसिंगच्या आतलं क्रोम उडालं की सहसा अख्खं हाउसिंगच बदला! त्यात माझदाची रोटरी इंजिनवाली गाडी आरएक्स-८ २०१२ मध्येच बंद झालेली. सुट्या भागांचे भाव ऐकूनच घाम फुटतो.

बरं, पैसे मोजायची तयारी असली तरी करणार कोण? एकेक साइड सील (रोटरच्या कडेची पातळ पट्टी) खाचेत लावून बघायची, कानशीने किंचित घासायची, पुन्हा लावून फीलर गेजने फट मोजायची. जरा जास्त घासली गेली की ती गेली वाया. हे जमणारे मेकॅनिक शोधून सापडत नाहीत. बाकीचे साधा कॉम्प्रेशन गेज (इंजिनातला दाब मोजणारा) लावतात आणि "इंजिन ठणठणीत आहे" म्हणून मोकळे होतात. अरे, रोटरला तीन बाजू असतात! साधा गेज त्यातला सगळ्यात मोठा आकडा तेवढा दाखवतो, मेलेली बाजू लपूनच राहते. आणि या निदानाचेही पैसे घेतात!