शुभवर्तमान म्हणजे सुविचार नव्हे

आज सकाळी आपल्या चर्चच्या ग्रुपवर आलेलं ‘आजचं मनन’, म्हणजे त्या दिवसाच्या शुभवर्तमानावरचं (येशूच्या शिकवणीच्या उताऱ्यावरचं) चिंतन, वाचलं आणि डोकंच फिरलं. चर्चच्या दिनदर्शिकेत सामान्य काळातल्या दहाव्या आठवड्याचा गुरुवार, उतारा बायबलातल्या मत्तय ५:२० ते २६. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. आणि त्याच्याखाली मनन काय, तर मन शांत ठेवण्याचे पाच उपाय. दीर्घ श्वास घ्या. सकारात्मक राहा. स्वतःवर प्रेम करा. खाली गुलाबाचं फूल.

अहो, येशू ‘जा’ म्हणतोय! एका ठरावीक माणसाच्या दारात जा. आणि तो बोलत होता गालीलातल्या लोकांशी. वेदी यरुशलेमच्या मंदिरात, पायी गेलं तर काही दिवसांची वाट. म्हणजे अर्पण तसंच सोडून एवढं अंतर मागं यायचं, भावाची मनधरणी करायची आणि पुन्हा तेवढंच चालत जायचं. ऐकणारे हबकले असतील. आपण हबकू नये अशी सोय आपण करून घेतली आहे.

हाच उतारा ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यातल्या शुक्रवारीही येतो. सासूबाई हॉस्पिटलात होत्या त्या वर्षीची गोष्ट. सकाळच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, फादरांचं प्रवचन एवढंच होतं: “आज ज्याला भेटायचं टाळताय, त्याचं नाव मनात आणा.” आणि ते खाली बसले. माझ्या मनात नाव यायला क्षणही लागला नाही. मोठ्या जाऊबाई. वाटणीवरून आमच्यात अबोला होता आणि त्या गेल्याची खात्री करूनच मी वॉर्डात शिरायचे. त्या दिवशी त्या असतानाच गेले.

गळ्यात गळे पडले नाहीत. “आज लवकर?” एवढंच त्या म्हणाल्या. मग चादर बदलायची वेळ आली. त्यांनी सासूबाईंना खांद्याला आणि कमरेला धरून स्वतःकडे वळवलं, मी ओली चादर पाठीपर्यंत गुंडाळत नेली आणि कोरडी अर्धी अंथरली. मग मी सासूबाईंना माझ्याकडे वळवलं, जाऊबाईंनी पलीकडून टोक ओढून घेतलं. चादरीला चुणी राहिली की पाठीला जखम होते, म्हणून तळव्याने सगळीकडे चाचपून बघत त्या म्हणाल्या, “तुझ्या बाजूला चुणी आहे बघ.” कितीतरी दिवसांनी त्या माझ्याशी सरळ बोलल्या. निघताना विचारलं, “उद्या किती वाजता येतेस?”

यात कुठला उपाय होता? फादरांनी एक वाक्य टाकलं आणि बाकी आमच्यावर सोडलं. मननाकडून मला एवढंच हवंय.

आणि नीट वाचा, तिथं ‘तुझ्या मनात भावाविषयी काही असेल’ असं नाही. त्याच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर! आमच्यात दोष कोणाचा हे आजही ठरलेलं नाही. येशू ते ठरेपर्यंत थांबायला सांगत नाही, हेच तर अवघड आहे. मिस्सेत एकमेकांना शांतीच्या शुभेच्छा देताना आपण बाजूच्या अनोळखी माणसाकडे बघून छान हसतो. ज्याच्याशी बोलणं बंद आहे, तो त्या बाकावर नसतोच.

बरं, अंथरुणाला खिळलेल्या, मिस्सेला जाऊ न शकणाऱ्या माणसांना ही मननं आधार देतात, हे मान्य. रोज पहाटे उठून कोणी निरपेक्षपणे लिहितं, तेही मान्य. पण म्हणून काहीही लिहायचं?

फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेझा, मठात राहणाऱ्या सिस्टर, १८९७ मध्ये अवघ्या २४ व्या वर्षी गेल्या. कॉन्व्हेंटच्या भिंतींआड राहून शुभवर्तमान जगल्या ते कशात? प्रार्थनेच्या वेळी मागे बसणारी एक सिस्टर सारखा बारीक आवाज करायची. वळून एकदा बघावं असं त्यांना फार वाटायचं. त्या वळल्या नाहीत, घाम फुटेपर्यंत सोसलं आणि तो आवाजच देवाला वाहिला. अशा बाईला १९९७ साली चर्चने धर्मपंडिताचा, म्हणजे ज्यांच्या शिकवणीतून साऱ्या चर्चने शिकावं अशा संतांना मिळणारा, मान दिला. रोजच्या जगण्यातलं शुभवर्तमान म्हणतात ते हे. त्या सिस्टरसारखंच प्रत्येकाच्या घरात कोणीतरी असतं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. जाऊबाईंची आणि माझी आजही मैत्री वगैरे नाही. सासूबाई गेल्या, वाटणीही झाली, मनासारखी कोणाच्याच नाही. पण फोन केला की त्या उचलतात, त्यांचा आला की मी उचलते.

आता एक विनंती. उद्याचा उतारा मत्तय ५:२७ ते ३२ आहे, नजरेतल्या व्यभिचाराबद्दल आणि सूटपत्राबद्दल, म्हणजे बायकोला सोडताना द्यायच्या घटस्फोटाच्या कागदाबद्दल. आपल्या ग्रुपवर नवऱ्याने टाकलेल्या बहिणी आहेत, मोडलेल्या संसारातून आलेली मुलं आहेत. लिहिणाऱ्यांनी कृपा करून उतारा गोड करू नये आणि त्यांच्या अंगावरही फेकू नये. आधी त्यातल्या एखादीला फोन करा, तिचं ऐकून घ्या, मग लिहायला बसा. मनन सकाळी सहाऐवजी दुपारी आलं तरी चालेल.