फुकटच्या दवाखान्याला खाडा पडतो

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या भागातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच. सरकारी दवाखान्यात सगळं फुकट असूनही ऊसतोडीच्या बायका तिकडं फिरकत नाहीत, अडाणी आहेत, स्वखुशीनं खाजगीत पैसे मोजून पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढून घेतात आणि मग सरकारच्या नावानं बोंब. शेवटी ठरलेली ओळ असते: आल्याच तर आपल्या गावच्या वाट्याची औषधं संपवतात.

मी कोल्हापूर जिल्ह्यात, साखरपट्ट्यातच राहते. आमच्या घरामागच्या रानात दरवर्षी बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या वीस-पंचवीस कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात. त्या बायका मला रोज दिसतात, म्हणून हा मेसेज वाचून गप्प बसवत नाही.

दवाखाना फुकट आहे हे खरं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलासुद्धा पैसे लागत नाहीत. पण ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोघांची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, मजूर आणणाऱ्या मुकादमाकडून आधीच घेतलेली असते. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, गाडी भरते. ती दवाखान्यात गेली की अख्खा कोयता बसतो. त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच, वर खाडा, म्हणजे कामाला न आल्याचा दंड, म्हणून पाचशे-हजार रुपये हिशेबातून कापले जातात. पहाटे चारला उसाच्या फडात गेलेली बाई गाडी भरून मोकळी होईपर्यंत ओपीडी बंद झालेली असते. फुकटच्या दोन गोळ्या तिला अशा हजाराला पडतात.

आता ‘फिरकत नाहीत’ याबद्दल. गेल्या जानेवारीत बीडमधल्या धारूरकडची एक सात महिन्यांची गरोदर बाई माझ्याबरोबर दवाखान्यात आली होती. पायावर सूज होती. धुतलेलं लुगडं नेसली होती, आणि उसाच्या पाचटानं चिरलेले हात पदराखाली धरून रांगेत उभी होती. केसपेपरच्या खिडकीवर पहिला प्रश्न आला, “कार्ड कुठाय?” गरोदरपणाचं कार्ड गावाकडं, सासूच्या पेटीत राहिलं होतं. “मग नोंदणी तिकडं आहे ना, तिकडंच दाखवा की.” तिकडं म्हणजे साडेतीनशे किलोमीटरहून लांब. कार्ड जवळ नसलं म्हणून गरोदर बाईची तपासणी नाकारायची नसते, हे मी तिथं मोठ्यानं बोलले तेव्हा कुठं केसपेपर निघाला. आतल्या डॉक्टरांनी मात्र नीट तपासलं. बीपी बघितलं, लघवी तपासायला सांगितली, लोहाच्या गोळ्या दिल्या. परतताना ती म्हणाली, “ताई, पुन्हा नगं. दिस बी बुडला अन् बोलणं बी खाल्लं.” यात अडाणीपणा कुठला? तिनं चोख हिशेब केला होता.

‘स्वखुशीनं पिशवी काढतात’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं. २०१९ मध्ये हा विषय गाजल्यावर सरकारनं विधान परिषदेच्या आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. वयोगट तंतोतंत जुळत नाहीत, हे मान्य. तरी एवढी तफावत खुशीतून येत नाही.

ती येते कशातून, ते कोपीवर बसलं की कळतं. आडोशाला मोरी नाही, पाणी हंडाभर, पाळीतही मोळी वाहायचीच. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. औषधानं बरं होणारं दुखणं खाडा चुकवायला महिनोन्‌महिने अंगावर काढलं जातं. हंगाम संपवून गावी गेल्यावर खाजगीत सोनोग्राफी होते आणि ऐकायला मिळतं, पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. पस्तिशीही न गाठलेल्या, दोन लेकरांच्या बाईनं हे ऐकल्यावर काय करावं? व्याजानं पैसे काढून ती ऑपरेशन करते आणि ते फेडायला पुढची उचल घेते. याला खुशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बीडमध्ये २०१९ नंतर असं ऑपरेशन करण्याआधी खाजगी डॉक्टरांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली. नुसती हौस असती तर हे बंधन कशाला आलं असतं?

राहता राहिली औषधं. बायका फिरकत नाहीत आणि औषधंही संपवतात, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील? प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण तीस हजार लोकसंख्येमागे एक, तेही कायम राहणाऱ्यांची मोजदाद करून. हंगामाच्या पाच-सहा महिन्यांत ही माणसं गावाकडच्या केंद्राच्या यादीत असतात आणि राहायला इथं असतात. औषधाचा साठा यादीप्रमाणे येतो. तो माणसांच्या मागोमाग इथं पाठवणं हे खात्याचं काम आहे, रांगेतल्या बाईचा त्यात गुन्हा नाही.

आमच्या आशाताईंनी यंदा डिसेंबरात एक गोष्ट केली. रात्री आठला, चुली पेटल्या असताना, बॅटरी घेऊन कोप्यांवर गेल्या आणि गरोदर बायका नि लहान लेकरं वहीत लिहून आणली. मग सिस्टरना गळ घातली. पुढचं लसीकरण अंगणवाडीऐवजी कोप्यांजवळच्या लिंबाखाली झालं, तेही फडातून परतल्यावर, दिवेलागणीला. चार गरोदर बायका तपासल्या गेल्या, सात लेकरांना डोस मिळाले. एकीचाही खाडा पडला नाही.