दोन ठिपके मारायला किती वेळ लागतो हो?

पिस्टन चढवलेले तीन कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याशी, जोडणारे), तीन कॅपा (रॉडच्या खालच्या टोकाला क्रँकभोवती आवळायचे अर्धगोल तुकडे) आणि मूठभर नट-बोल्ट, सगळं एका तेलकट पिशवीत कोंबलेलं. वडिलांच्या मारुती ८०० चं इंजिन वर्कशॉपमधून माझ्याकडे परत आलं ते असं. कुठली कॅप कुठल्या रॉडची, एकावरही खूण नाही. फोन केला तर म्हणतात, "सगळ्या एकाच मापाच्या आहेत, बसतील की."

बसतील! अहो, बसायला कुठलीही बसते. रॉड आणि त्याची कॅप कारखान्यात एकत्र आवळून मग त्यांचं भोक बोअर करतात, म्हणून ते गोल असतं. दुसऱ्या रॉडची कॅप लावली की दोन अर्धी वर्तुळं जुळत नाहीत. त्या भोकात बसणारं बेअरिंग आणि क्रँक यांच्यातली फट केसाच्या जाडीपेक्षाही कमी, आणि त्या फटीतल्या तेलाच्या पातळ थरावर सगळा भार. ३००० आरपीएमला प्रत्येक पिस्टन सेकंदाला ५० वेळा वर जाऊन खाली येतो. तिथं कॅप जराशी सरकलेली असली की क्रँक आवळतो, तेलाचा थर तुटतो, बेअरिंग चिकटून फिरायला लागतं, आणि मग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईपर्यंत काहीही होऊ शकतं. हे मी त्यांना सांगायचं? रोज इंजिनं खोलणाऱ्यांना?

ब्लॉक मी पिस्टनसकट दिला होता, कारण बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग आणि नवे ओव्हरसाइज पिस्टन रॉडवर चढवणं हे सगळं त्यांच्याकडेच होतं. देताना बजावलंही होतं की कॅपा अदलाबदल करू नका. पहिल्या सिलिंडरला रॉडवर एक ठिपका, कॅपवर एक. दुसऱ्याला दोन-दोन, तिसऱ्याला तीन-तीन. सेंटर पंच आणि हातोडी, दोन मिनिटांचं काम. तेवढंही केलं नाही.

परवा रात्री एक वाजेपर्यंत मी एकेक कॅप एकेका रॉडवर लावून बघत होतो. तीन गुणिले तीन, नऊ जोड्या. बेअरिंगच्या खाचा एका बाजूला घ्यायच्या, सांध्यावरून नख फिरवायचं, पायरी लागते का बघायचं, मग टॉर्क रेंचने आवळून बोअर गेजने उभं, आडवं, तिरकं माप घ्यायचं. एक जोडी पक्की सापडली. उरलेल्या दोन? कशाही लावा, माप मनासारखं येत नाही. म्हणजे आता बिग एंड (रॉडचं क्रँककडचं भोक) रिसाइज करा, म्हणजे पुन्हा मापात गोल करून घ्या, नाहीतर नवे रॉड घ्या. खर्च माझा.

आणि एवढ्यावर थांबलेलं नाही. एक पिस्टन रॉडवर उलटा चढवलाय! डोक्यावर ठसठशीत बाण आहे, तो टायमिंग बेल्टच्या बाजूला हवा. बाकीचे दोन बरोबर आहेत, म्हणजे नियम माहीत होता, लक्ष नव्हतं. पिस्टनची पिन बहुतेक वेळा मधोमध नसते, एका बाजूला थोडी सरकवलेली असते. उलटा गेला की थंड इंजिनात पिस्टन भिंतीवर टकटक आपटतो. मी न बघता तसाच रिंगा चढवून ब्लॉकमध्ये उतरवला असता तर? सगळं परत खोला, ऑइल चेंबर काढा, हेड काढा, नवं गॅस्केट आणा.

हे सगळं कोल्हापुरात, याचा जास्त राग येतो. इथल्या फाउंड्र्यांतून देशभर कास्टिंग जातं. उद्यमनगरात असे कारागीर मी लहानपणापासून बघितलेत, जे मायक्रोमीटर लावण्याआधी बोटाने माप सांगायचे आणि खूण केल्याशिवाय एक नट सैल करायचे नाहीत. त्याच गावात मला "चालतंय, आवळा घट्ट" ऐकावं लागतं!

ही गाडी वडिलांनी सत्तावीस वर्षं सांभाळली. तेल कधी उशिरा बदललं नाही. ते रोज संध्याकाळी येऊन विचारतात, "झालं का रे?" ब्लॉक जुन्या चादरीखाली झाकून ठेवलाय, होनिंग केलेल्या (आतून बारीक घासलेल्या) सिलिंडरच्या बोअरला गंज चढू नये म्हणून मी दर दोन दिवसांनी तेल लावतोय, आणि त्यांना काय सांगू?

सोमवारी ती पिशवी घेऊन मी वर्कशॉपच्या काउंटरवर जाणार आहे. रॉड रिसाइज करून द्या, पिस्टन सरळ करून द्या, आणि पंच माझ्यासमोर मारा. तोवर मी तिथून हलणार नाही.